ट्रॅव्हल सेक्शनमधला तो धुळीचा फोटो: छायाचित्र स्पर्धांच्या आयोजक आणि परीक्षकांना खुलं पत्र

जिल्ह्याजिल्ह्यांत छायाचित्र स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या क्लब-मंडळांना आणि तिथं परीक्षक म्हणून बसणाऱ्या जाणकार मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी मेहकरचा, जिल्हा बुलडाणा. औषधांचं दुकान आहे, सहा दिवस काउंटरच्या मागं उभा असतो आणि रविवारी दुपारी शटर ओढलं की कॅमेऱ्याची बॅग पाठीला लावून बाइकवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटीशेवटी कोडॅकचा केबी-१० घेतला तेव्हापासूनचा हा नाद आहे, तेव्हा छत्तीस फोटोंचा एक रोल दोन-दोन महिने पुरवायचो आणि धुवायला एसटीच्या कंडक्टरच्या हाती अकोल्याला पाठवायचो, तो परत येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. आता कॅननची एक सेकंडहँड बॉडी आहे, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत, आणि माझं सगळं ट्रॅव्हल म्हणजे लोणार, सिंदखेडराजा, सैलानी, अजिंठा, फार तर मेळघाट. घरापासून दीड-दोनशे किलोमीटरच्या पुढं क्वचित गेलोय आणि तेवढंही अजून पुरतं बघून झालेलं नाही.

यंदाही १९ ऑगस्ट, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिन, जवळ आला तसे ग्रुपवर तुमचे फॉर्म यायला लागलेत. नेचर, मोनोक्रोम, वाइल्डलाइफ, ट्रॅव्हल. मी दरवर्षी ट्रॅव्हलमध्ये चार फोटो टाकतो. यंदा टाकायच्या आधी एक गोष्ट तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचीय, बरीच वर्षं मनात अडकून बसलीय, आणि ती सांगायची तर आधी माझ्या हातून काय झालं ते सांगावं लागेल.

डिसेंबर २०१८. आम्ही चौदा जण होतो, चौदा कॅमेरे. पैनगंगेच्या काठाला सोयाबीन निघालेल्या एका वावरात मेंढरं बसायला आली होती, म्हणजे खतासाठी रात्रभर वावरात मेंढरं बसवतात आणि शेतकरी त्याचे पैसे नाहीतर धान्य देतो तसा मुक्काम होता. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं, लावायची अजून बाकी होती, घोड्यावरचा संसार अर्धाच उतरवला होता, बाई तीन दगडांच्या चुलीत काटक्या सारत होती. उन्हं कलली होती. आमच्यातल्या एका सिनियरनं मेंढपाळ मामांना तीनशे रुपये दिले आणि सांगितलं की कळप त्या बांधापासून इकडं पळवत आणा, आम्ही सूर्य समोर धरून खाली बसतो, धूळ चांगली उडाली पाहिजे. मामा हो म्हणाले. पहिल्या वेळी धूळ कमी उडाली. दुसऱ्या वेळी मामाच मध्ये आले. तिसऱ्या वेळी एकाच्या फ्रेममध्ये दुसऱ्याची टोपी आली. चौथ्या वेळी जमलं, सगळ्यांनी बर्स्ट मारले, म्हणजे एका दमात पटापट फोटो काढले, आणि त्याच चौथ्या वेळी एक कोकरू बाकीच्यांच्या पायात आलं. मेलं नाही, पण मागचा पाय उचलून धरून लंगडायला लागलं. बाई चूल सोडून उठली, त्याला उचलून पदरात घेतलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि एक शब्द न बोलता परत चुलीपाशी जाऊन बसली. मामा एवढंच म्हणाले, "मेंढरू असं पळत नसते भाऊ. पळालं म्हंजे समजाचं लांडगा आला."

त्या चौथ्या वेळचा माझा फोटो तुमच्यासारख्याच एका स्पर्धेत ट्रॅव्हल सेक्शनला दुसरा आला. नाव दिलं होतं ‘घराकडे’. सोनेरी धूळ, धुळीत बुडालेली मेंढरं, मागं काठी घेतलेल्या माणसाची काळी आकृती. दीड हजार रुपये आणि प्रमाणपत्र मिळालं, ते दुकानात फ्रेम करून लावलं, गिऱ्हाइकं विचारायची आणि मी सांगायचो. पण प्रत्येक वेळी सांगताना मामांचं ते वाक्य डोक्यात यायचं. लांडगा आल्यासारखी घाबरलेली मेंढरं आणि खाली मी लिहिलंय घराकडे. जे त्या रानात कधी घडतच नाही ते मी लोकांना ‘आमच्याकडचं जीवन’ म्हणून दाखवत होतो.

त्याच संध्याकाळी मी अजून एक फोटो काढला होता. बाकीचे गाडीकडं निघाले, सूर्य गेला होता, आणि मामा एका मेंढराचा पाय मांडीवर घेऊन बसले होते, खुराच्या बेचक्यात सराटे रुतले होते ते बाभळीच्या काट्यानं एकेक काढत होते. काढलेला सराटा ते फेकत नव्हते. शेजारी डब्याचं एक पत्र्याचं झाकण ठेवलं होतं त्यात टाकत होते, कारण रात्री मेंढरं त्याच जागेवर बसणार, फेकला तर परत कोणाच्या तरी पायात. झाकणात दहा-बारा सराटे जमले होते. फोटोत ते झाकण आहे, मामांचा चिरा पडलेला अंगठा आहे, मेंढराचा तो आडव्या बाहुलीचा पिवळा डोळा आहे आणि मागं चुलीपाशी बाईची पाठ, तिच्या मांडीवर ते कोकरू. उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून आयएसओ ३२०० ला काढलाय, त्यामुळं थोडा ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा आहे. तो फोटोही मी त्याच स्पर्धेत पाठवला होता. पहिल्याच फेरीत बाहेर. नंतर एका परीक्षकांनी आपुलकीनं समजावलं होतं की सब्जेक्ट क्लिअर नाही, लाइट फ्लॅट आहे, नजर कुठं ठेवायची कळत नाही. फ्लॅट होताच लाइट, सूर्य बुडाला होता. पण मेंढराच्या पायातला काटा सूर्य बुडाल्यावरच काढतात हो, दिवसभर चालायचं असतं.

आता नियमाकडं येतो. ट्रॅव्हल सेक्शन म्हणजे काय ते काही मी माझ्या मनानं ठरवत नाहीये. फियाप (छायाचित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) या संस्थांच्या मान्यतेचा शिक्का आपण फॉर्मवर मोठ्या अभिमानानं छापतो, त्यांनीच व्याख्या लिहून ठेवलीय आणि आपल्यापैकी बरेच जण ती फॉर्मच्या मागच्या बाजूला जशीच्या तशी चिकटवतात. त्या प्रदेशाची ओळख किंवा संस्कृती जशी आपोआप तिथं आढळते तशी दाखवणारा फोटो. फोटोसाठी मुद्दाम घडवून आणलेला प्रसंग चालत नाही. पैसे देऊन आणलेला किंवा असं कर तसं कर म्हणून सांगितलेला माणूस चालत नाही. क्रॉप सोडलं तर फ्रेममध्ये काही घालायचं नाही, काढायचं नाही, इकडचं तिकडं हलवायचं नाही. माणसाचा किंवा वस्तूचा क्लोजअप असेल तर त्याच्या भोवतालाची काहीतरी माहिती त्यात दिसलीच पाहिजे. इतकं स्पष्ट आहे. या व्याख्येनं माझा धुळीचा फोटो दारातच बाद व्हायला पाहिजे होता आणि सराट्यांचा निदान आत यायला पाहिजे होता. झालं उलटं, आणि ते झालं कारण मला कोणी काही विचारलंच नाही. कुठं काढला, कधी, हे लोक कोण, मेंढरं का पळतायत, एक प्रश्न नाही. फॉर्ममध्ये फक्त शीर्षकाचा रकाना होता.

परीक्षकांची अडचण मला समजते, खरंच समजते. मी एकदा जजिंगच्या वेळी हॉलमध्ये मागं बसून बघितलंय. शेकडो फोटो, एकेक पडद्यावर येतो, चार-पाच सेकंद थांबतो, तिघं जण मार्क देतात, पुढचा. जेवायच्या आधी दोन सेक्शन संपवायचे असतात. अशा घाईत जो फोटो लांबून ओरडतो तोच दिसणार, म्हणजे धूळ, धूर, किरणं, काळी आकृती, लाल पदर. ज्या फोटोत झाकणातले सराटे बघायला वाकावं लागतं तो फोटो चार सेकंदांत मरतो. यात कोणाची वाईट बुद्धी आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही कशाला बक्षीस देता हे बघून आमच्याकडची पोरं रविवारी कॅमेरा कुठं वळवायचा ते ठरवतात, एवढं मात्र तुमच्या लक्षात आणून द्यायचंय, कारण गावातल्या हौशी माणसाला शिकायला दुसरी जागाच नाही. इथं फोटोग्राफीचं कॉलेज नाही, गॅलरी नाही, चांगली पुस्तकं बघायला लायब्ररी नाही. तुमचा निकाल हाच आमचा अभ्यासक्रम आहे.

आणि तो अभ्यासक्रम पोरं मनापासून पाठ करतायत. मागच्या वर्षी एक पोरगा दुकानात आला, बावीस-तेवीसचा, पहिल्या नोकरीच्या पगारातून हप्त्यावर कॅमेरा घेतलेला, आणि मला पहिला प्रश्न काय विचारला तर, "दादा, आपल्याकडं फेटेवाले आजोबा कुठं भेटतात?" त्याला वाटतं ट्रॅव्हल म्हणजे फेटेवाले आजोबा. धरणावर तर आता ठरूनच गेलंय, सकाळी साडेसहाला भोईदादांना बोलवायचं, होडी सूर्याच्या बरोबर खाली आणायची आणि जाळं हवेत फेकायला लावायचं. मी एकदा त्यांच्याशी बोलत बसलो होतो तेव्हा म्हणाले की तिथं मासाच नसतो, तिथं पाणी उथळ, मासा तिकडं बुडालेल्या झाडांपाशी असतो, पण तिकडं तुमचा सूर्य येत नाही ना. मासा नसलेल्या पाण्यात वीस-वीस वेळा जाळं फेकणारा माणूस, आणि तोच फोटो पाच जिल्ह्यांच्या पाच स्पर्धांत ‘रोजीरोटी’ नावानं. भोईदादांना त्याचे पैसे मिळतात, ते त्यांनी जरूर घ्यावेत, उलट आम्ही देतो त्याच्या दुप्पट घ्यावेत, त्यांच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तुम्ही पोर्ट्रेटचा सेक्शन ठेवा, क्रिएटिव्ह ठेवा, तिथं मॉडेल घेऊ द्या, लाइट लावू द्या, धूर करू द्या, ती पण एक कला आहे आणि तिलाही मेहनत लागते. फक्त तिला ट्रॅव्हल म्हणू नका. ट्रॅव्हल म्हटलं की बघणारा माणूस ते खरं धरतो.

खरं धरतो म्हणजे काय होतं त्याचं आमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं ते तुम्हाला आठवत असेल, लॉकडाऊन चालू होता, जगभर बातमी गेली. मेहकरहून लोणार जवळच आहे, औषधवाल्याचा पास होता म्हणून मी जाऊ शकलो. काठावर उभं राहून बघितलं तर रंग होता मातकट गुलाबी, काही ठिकाणी विटेच्या भुग्यासारखा, ढग आला की अजून मळका दिसायचा. सुंदर होता आणि पोटात गोळा आणणारा पण होता. दोन दिवसांत मोबाइलवर जे फोटो फिरायला लागले त्यात तेच पाणी सरबताच्या रंगाचं! एडिटिंगमधला रंग वाढवायचा स्लायडर ज्याला जेवढा ओढता येईल त्यानं तेवढा ओढला. नंतर पुण्याच्या आघारकर संस्थेनं नमुने तपासून सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळं हा रंग आलाय, आणि ते जीव तळाशी बसल्यावर रंग ओसरलाही. त्याच वर्षी लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा दर्जा मिळाला. आता उद्या कोणाला विचारायचं असेल की त्या जूनमध्ये रंग नेमका कसा होता, कुठल्या बाजूला जास्त होता, किती दिवस टिकला, तर आम्ही आसपासच्या हौशी लोकांनीच काढलेले शेकडो फोटो आहेत, पण त्यातल्या कुठल्यावर विश्वास ठेवायचा? तुमच्या नियमात मूळ दृश्य जसं दिसत होतं तेवढंच परत आणण्यापुरतं एडिटिंग चालतं असं जे वाक्य आहे ना, ते अशा दिवसासाठी आहे. मी त्या दिवशीच्या सगळ्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या एडिट न केलेल्या मूळ फाइल, दोन हार्ड डिस्कवर ठेवल्यात, एक दुकानात, एक घरी.

अजिंठा पण आमच्यापासून लांब नाही. तिथं रॉबर्ट गिल नावाचा लष्करातला माणूस १८४० च्या दशकात आला, लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला रंगवण्यात त्याची वर्षानुवर्षं गेली आणि त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या तिथं १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. हाच गिल पुढं कॅमेरा घेऊन लेण्यांचे आणि आसपासच्या प्रदेशाचे फोटो काढत राहिला. १८७९ मध्ये वारला, भुसावळला त्याची कबर आहे. त्याच्या काळात एक फोटो म्हणजे काचेची प्लेट, केमिकल, बैलगाडी, अंधारा तंबू. त्यानं जे समोर होतं ते काढलं म्हणून आज दीडशे वर्षांनी कुठला भाग तेव्हा शाबूत होता ते कळतं. आमच्या मेहकरला कंचनीचा महाल आहे, माथ्यावरून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा म्हणून कंचनी तो बांधत होती अशी गोष्ट आमच्याकडं सांगतात. केबी-१० च्या काळापासून मी दर पावसाळ्यानंतर तिथं एक चक्कर मारतो आणि त्याच चार जागांवरून चार फोटो काढतो. एकेक फोटो बघितला तर त्यात काही नाही. सगळे ओळीनं लावले तर कुठली कमान कधी पडली ते दिसतं. असल्या फोटोंना तुमच्या कुठल्याच सेक्शनमध्ये जागा नाही, आणि मला वाटतं ट्रॅव्हलमध्ये सगळ्यात आधी त्यांनाच जागा पाहिजे.

अकोटचा माझा एक मित्र आहे, त्यानं अकोल्याहून खंडव्याला जाणारी मीटरगेज बंद होण्याआधीचे दोन हिवाळे नुसते त्या गाडीतून जाण्यायेण्यात घालवले. ती गाडी मेळघाटातून जायची, धुळघाटला रूळ स्वतःलाच ओलांडून वर चढायचे, आठाच्या आकड्यासारखे. २०१७ साली ती लाइन थांबली. त्याच्या फोटोंत लाकडी बाकं आहेत, डब्यात चढवलेल्या मोहाच्या पाट्या आहेत, खिडकीत डोकं टेकून झोपलेली कोरकू बाई आहे, हिरवा झेंडा आणि खाली पायाशी कुत्रं असा गार्ड आहे. तेव्हा त्यानं ते एका स्पर्धेला पाठवले तर शेरा आला, बॅकग्राउंड क्लटर्ड. अहो, ती बॅकग्राउंडच तर गेली ना! आज अकोटची माणसं त्याच्या घरी येऊन ते फोटो मागतात, कोणाचा बाप त्यात आहे, कोणाचं स्टेशन त्यात आहे.

मोठ्या स्पर्धा याबाबत किती कडक असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची जी वन्यजीव छायाचित्र स्पर्धा आहे, तिचं २००९ चं मुख्य बक्षीस फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं, आणि तो लांडगा बहुधा माणसाळवलेला, भाड्यानं मिळणारा आहे असं परीक्षकांचं मत झालं तेव्हा जानेवारी २०१० मध्ये त्यांनी ते बक्षीस काढून घेतलं. त्याच स्पर्धेत २०१७ ला जिंकलेल्या एका मुंगीखाऊच्या फोटोचं बक्षीस पुढच्या वर्षी काढून घेतलं, कारण प्राणी बहुधा पेंढा भरलेला आहे असं तज्ज्ञांचं मत झालं. त्यानं स्पर्धेची इज्जत गेली नाही, वाढली. आपण मूळ फाइल मागायला सुद्धा कचरतो, भाग घेणारे नाराज होतील, पुढच्या वर्षी एन्ट्री कमी येतील म्हणून. येऊ द्या की कमी.

एक हक्कांचं पण बोलून घेतो, थोडक्यात. बऱ्याच फॉर्मवर खाली बारीक अक्षरात असतं की पाठवलेल्या सगळ्या फोटोंचे सर्व हक्क आयोजकांकडं राहतील. जिंकलेल्या नाही, पाठवलेल्या सगळ्या. माझ्या एका मित्राचा न निवडलेला फोटो एका कॅलेंडरवर आला, नाव नाही, फोन नाही, त्याला किराणा दुकानात कळलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साधारणपणे फोटो काढणारा हाच त्याचा पहिला मालक आहे, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, कुठला हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात ते लिहावं लागतं, काळ लिहिलाच नसेल तर तो पाच वर्षं धरतात, आणि फोटोला आपलं नाव असण्याचा अधिकार तर हक्क विकल्यावरही काढणाऱ्याकडंच राहतो. प्रदर्शनात लावायला आणि स्पर्धेच्या जाहिरातीत नावानिशी छापायला परवानगी, एवढं एक वाक्य फॉर्मवर पुरेसं आहे. गावातली पोरं बारीक अक्षर वाचत नाहीत, म्हणून ते तुम्ही लिहू नका.

आणि ज्यांचे फोटो आम्ही काढतो त्यांचं काय, हा तर कोणाच्या फॉर्मवर विषयच नसतो. प्रदर्शन लागतं जिल्ह्याच्या गावी, एसी हॉलमध्ये, उद्घाटनाला पाहुणे, पुष्पगुच्छ, आणि भिंतीवर ज्यांची तोंडं आहेत त्यांच्यापैकी एक जण आत येत नाही. त्यांना माहितीच नसतं. तुम्ही १२ बाय १८ च्या ज्या प्रिंट काढता त्या तीन दिवसांनी कुठल्यातरी कपाटात जातात. त्याच प्रिंट एक दिवस आठवडी बाजारात लावा. आमच्या बसस्टँडवर लावा, झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून चिमट्यानं लावा. लोक एका मिनिटात सांगतील की हे असं नसतं, हा बाबा तर तिकडचा आहे, ही बाई असं पाणी भरतच नाही. आमच्या ट्रॅव्हल फोटोला यापेक्षा चांगले परीक्षक मिळायचे नाहीत, आणि ते चार सेकंदांत पुढं जात नाहीत, बोट ठेवून बघतात. जमलं तर पॅनेलवर एक माणूस त्या भागातला घ्या, शिक्षक असेल, एसटीचा ड्रायव्हर असेल, बाजारात दुकान लावणारी मावशी असेल. आणि फॉर्मवर शीर्षकाच्या खाली चार ओळींची जागा ठेवा. गाव, तारीख, वेळ, समोर काय चाललं होतं, माणसाला विचारलं होतं का, पैसे दिले होते का. ज्याला हे लिहिता येत नाही त्यानं तो फोटो ट्रॅव्हलला पाठवू नये. शेवटच्या फेरीत आलेल्यांकडून मूळ फाइल मागा, सगळ्यांकडून, माझ्याकडून पण.

माझ्यापुरतं मी केलंय ते सांगतो. गेल्या महिन्यात ‘घराकडे’चं प्रमाणपत्र दुकानातून उतरवलं आणि दीड हजारांच्या चेकसोबत त्या आयोजकांना परत पाठवलं, चिठ्ठीत सगळं लिहिलं. अजून उत्तर आलेलं नाही. माझ्यामागं जो तिसरा आला होता त्याचा फोटो मला चांगला आठवतो, एसटीच्या टपावर नवरीचं कपाट बांधत होते, खाली नवरी चाव्या हातात घेऊन उभी. दुसरा नंबर त्याचा आहे, त्याला द्यावा.

मामांकडं मी सहा महिन्यांनी सराट्यांच्या फोटोची प्रिंट घेऊन गेलो होतो, पण मेंढरं तेव्हा खाली परभणीकडं गेली होती. पुढच्या हिवाळ्यात भेटले. फोटो बघून आधी मेंढरू ओळखलं, मग झाकण, म्हणाले हे झाकण हरपलं राजा. बाईंनी कोकराचं सांगितलं, पाय बरा झाला होता, ती आता मेंढी होती, हात करून दाखवली. प्रिंट त्यांनी कागदात गुंडाळून घोड्यावरच्या घोंगडीच्या घडीत घातली.

यंदा ट्रॅव्हलला मी चार नाही, एकच फोटो पाठवतोय. फी भरलीय, मूळ फाइल सोबत जोडलीय. तुमच्या फॉर्मवर जागा नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला हे लिहिलंय:

मेंढराच्या खुरातले सराटे काढताना. पैनगंगेचा काठ, मेहकर तालुका, जि. बुलडाणा. रविवार १६ डिसेंबर २०१८, संध्याकाळी पाच पन्नास. खतासाठी वावरात मेंढरं बसवायचा मुक्काम. नाव विचारलं तर मामा म्हणा म्हणाले. या फोटोसाठी पैसे दिले नाहीत, काही करायला सांगितलं नाही. त्याआधी अर्ध्या तासापूर्वी याच कळपाला आम्ही फोटोसाठी चार वेळा पळवलं होतं, मागं बाईंच्या मांडीवर जे कोकरू आहे ते त्यात दुखावलं. छायाचित्र दाखवायला मामांची आणि बाईंची परवानगी पुढच्या वर्षी भेटून घेतली आहे.

आपला,
मेहकरचा एक हौशी फोटोग्राफर